जुना लॅपटॉप, गटाची कागदपत्रं आणि न उघडणारं पोर्ट

पत्र: आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. मी महिला बचत गटाची सचिव आहे. बारा जणींचे आधार, पासबुक, ठरावाच्या वहीची पानं, सगळ्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत आणि बरेचसे व्हॉट्सॲपवरच पडून आहेत. गूगलची जागा भरली, आता रोज पैसे भरा म्हणून सांगतं. घरी मुलाचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मुलगा अमरावतीला शिकतो. तो म्हणतो, यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून नेक्स्टक्लाउड, म्हणजे घरचंच गूगल ड्राइव्हसारखं काहीतरी, लावू, राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडू, मग कुठूनही फोटो दिसतील. मागे आला तेव्हा त्यानं पोर्ट उघडून पाहिलं, पण बाहेरून काही लागलं नाही. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, पत्ता १००.७२ नं सुरू होतो, तो लिहून ठेवलाय. लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते. गूगल आमचे फोटो पाहतं का? हे घरी करावं की पैसे भरून मोकळं व्हावं?

ताई, घरीच करा, पण मुलगा म्हणतो त्या पद्धतीनं नको. तुमच्या पत्रात सर्व्हरची, म्हणजे सतत चालू राहून बाहेर फाइल पुरवणाऱ्या यंत्राची, गरज कुठे दिसत नाही. सगळं एकाच मोबाइलमध्ये आहे, ही खरी अडचण. तो उद्या वावरातल्या विहिरीत पडला तर गटाचं अर्धं दफ्तर त्याच्यासोबत जाईल. म्हणून आधी दुसरी प्रत, मग तिसरी. कुठूनही फोटो पाहायची हौस त्यानंतर.

पोर्टचं कोडं तुम्ही लिहून ठेवलेल्या पत्त्यातच सुटतं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कंपनी एकच बाहेरचा पत्ता पुष्कळ ग्राहकांमध्ये वाटते, याला सीजी-नॅट म्हणतात. बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्या यंत्रापर्यंत येऊन थांबते, कारण ती कोणत्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला माहीतच नसतं. मुलानं राउटरमध्ये केलेली नोंद बरोबर असली तरी तिच्यापर्यंत काही पोचत नाही. काही कंपन्यांकडे वेगळे पैसे भरून कायमचा पत्ता मिळतो, पण तो घेऊ नका. उघडं पोर्ट शोधत फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास असतात, आणि उघड्या नेक्स्टक्लाउडला सतत अपडेट देत राहणं हे रोजचं काम आहे. मुलगा अमरावतीला असताना ते कोण करणार? राउटरमधली ती पोर्टची नोंद काढून टाका, यूपीएनपी, म्हणजे घरातल्या यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद करा आणि राउटरच्या पानाचा पासवर्ड अजून कंपनीनं दिलेलाच असेल तर बदला.

फोटो छान मांडून दाखवणारं इम्मिच नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, मुलगा पुढे तेही सुचवेल. त्याला कमीत कमी ६ जीबी रॅम लागते. तुमच्या लॅपटॉपवर त्याचा नाद नको.

आता गूगलचं. गूगल फोटोजमधले फोटो साठवताना कुलूपबंद असतात, पण किल्ली गूगलकडेच असते. म्हणूनच चेहरे ओळखणं, ‘आधार’ असं टाकून शोधलं की कार्डाचा फोटो वर येणं, हे सगळं त्यांच्या यंत्रांना जमतं. कोणी माणूस बसून तुमच्या घरचं लग्न पाहत नाही. तरी बारा बायकांचे आधार तिथे ठेवण्याचं काही कारण नाही. आणि जागा भरली ती फक्त फोटोंनी नसावी. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून असतात, १ जून २०२१ पासूनचे फोटो त्यात मोजले जातात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन व्हिडिओ वगळा. गटाच्या ग्रुपवर येणारे सुप्रभाताचे व्हिडिओ जागेचा मोठा वाटा खात असतात. तिथेच ‘एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ चालू करून पासवर्ड द्या आणि तो वहीत लिहून ठेवा. हा पासवर्ड विसरला तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, व्हॉट्सॲपलाही नाही.

लॅपटॉपकडे वळू. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळे लिनक्स टाकण्याचा मुलाचा विचार बरोबर आहे. लिनक्सचा मिंट नावाचा प्रकार आहे, त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ती ४ जीबीत नीट चालते, आणि मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलचं सगळं सामान असलेली एकच फाइल, उतरवून विंडोजमध्येच रूफस नावाच्या प्रोग्रॅमनं ती पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं हे लक्षात असू द्या. फाइल जवळपास ३ जीबीची आहे. मोबाइलच्या नेटवर उतरवताना मध्येच तुटली तर इन्स्टॉल अर्ध्यावर विचित्र चुका दाखवून थांबतं आणि माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो. म्हणून साइटवर दिलेला एसएचए २५६ आकडा, म्हणजे फाइलची ओळखखूण, उतरवलेल्या फाइलशी जुळवून पाहा. रूफसमध्ये आयएसओच्या नावाशेजारी बरोबरच्या खुणेचं बटण असतं, त्यावर टिचकी दिली की आकडा समोर येतो.

लॅपटॉप सुरू होताना डेल किंवा लेनोव्हो असेल तर एफ १२, एचपी असेल तर एफ ९ दाबत राहा आणि पेनड्राइव्ह निवडा. लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालतं, त्यात आधी वायफाय, आवाज, टचपॅड तपासून घ्या. वायफाय दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. काही जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफायला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. मोबाइल यूएसबी केबलनं जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, नेट मिळेल, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून तो ड्रायव्हर टाका.

तिथेच ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम उघडून हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कनं ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, पाहा. त्यात ‘रिअलोकेटेड सेक्टर काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ या दोन ओळी महत्त्वाच्या, पहिली खराब होऊन बदललेल्या जागांची आणि दुसरी संशयास्पद जागांची. दोन्हीपुढे शून्य असेल तर डिस्क वापरा. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर गटाचं काही ठेवायचं नाही, २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घेऊन बदलायची. खरं तर डिस्क चांगली निघाली तरी एसएसडी घ्यावी असंच सांगेन. जुना लॅपटॉप मंद असण्याचं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असते. मग काढलेली डिस्क यूएसबी केसमध्ये टाकून बॅकअपला वापरता येते.

पुढे जाण्याआधी लॅपटॉपवर जुनं काही असेल तर ते बाहेर काढा. नंतर इन्स्टॉल करताना एक निर्णय घ्यावा लागतो, सगळी डिस्क कुलूपबंद करायची की नाही. दुसऱ्यांची कागदपत्रं असल्यामुळे ‘एन्क्रिप्ट’ची खूण करा. याचा तोटा एवढाच की लॅपटॉप दर वेळी सुरू होताना कोणीतरी पासवर्ड टाकावा लागतो. तो इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच ठेवा, कारण त्या पडद्यावर मराठी कीबोर्ड नसतो.

मराठी टायपिंगसाठी मेनूमधल्या ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस बसवून मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जोडा. गटाचे जुने ठराव कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर लिब्रेऑफिसमध्ये ते इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतील. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टची फाइल जुन्या संगणकावरून आणून तिच्यावर दोनदा टिचकी देऊन बसवली की मजकूर वाचता येतो. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करा. प्रिंटरचंही आधी पाहून घ्या. सेवा केंद्रांत ठिकठिकाणी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मिंटमध्ये केबल लावल्याबरोबर चालत नाही, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं कटकटीचं आहे. तोच प्रिंटर असेल तर पीडीएफ बनवून केंद्रावर प्रिंट काढलेली बरी.

आता मुख्य काम, मोबाइलमधून लॅपटॉपवर प्रत. यासाठी सिंकथिंग वापरा, ते दोन यंत्रांवरची फोल्डर आपोआप सारखी ठेवतं. लॅपटॉपवर ते ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून मिळतं. अँड्रॉइडवरचं मूळ ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानावरून ‘सिंकथिंग-फोर्क’ घ्या. लॅपटॉपवर सिंकथिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडतं, त्यातल्या ‘ॲक्शन्स’मध्ये क्यूआर असतो. मोबाइलनं तो स्कॅन करा आणि लॅपटॉपवर आलेली विनंती मंजूर करा. मग मोबाइलवर कॅमेऱ्याचं डीसीआयएम फोल्डर निवडून त्याचा प्रकार ‘सेंड ओन्ली’ ठेवा, लॅपटॉपवर ‘रिसीव्ह ओन्ली’. घरातल्या वायफायवर दोन्ही यंत्रं एकमेकांना शोधून काढतात, इंटरनेट बंद असलं तरी चालतं. राउटरला फक्त वीज हवी. गटाच्या कागदांसाठी मोबाइलवर ‘बचतगट’ असं वेगळं फोल्डर करून तेही असंच जोडा. नेहमीच्या कॅमेऱ्यानं काढलेला वहीचा फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्येच जातो, तो लगेच ‘बचतगट’मध्ये हलवायची सवय लावून घ्या.

इथे हटकून एक घोटाळा होतो. सिंकथिंग हा बॅकअप नाही. मोबाइलमध्ये जागा करायला फोटो पुसला की काही क्षणांत लॅपटॉपवरूनही जातो, ‘रिसीव्ह ओन्ली’ असूनही. म्हणून लॅपटॉपवर त्या फोल्डरच्या ‘फाइल व्हर्जनिंग’मध्ये ‘ट्रॅश कॅन’ निवडा आणि दिवसांच्या जागी ० लिहा. म्हणजे पुसलेलं सगळं एका लपलेल्या फोल्डरमध्ये कायम राहतं. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की ते दिसतं.

दुसरी नेहमीची तक्रार अशी असते की दोन दिवस फोटो आले आणि मग बंद पडले. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या मोबाइलमध्ये बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतात. सिंकथिंगच्या ॲप माहितीत जाऊन ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा आणि बॅटरीचं बंधन काढा. ॲपमध्येच ‘फक्त वायफायवर’ आणि ‘फक्त चार्जिंगवर’ अशा अटी आहेत, त्या लावल्या की रात्री चार्जिंगला लावलेल्या मोबाइलचं काम आपोआप होतं. लॅपटॉपवर ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये सिंकथिंग जोडा, नाहीतर तो पुन्हा सुरू झाल्यावर ते आपलं आपण चालू होणार नाही. आणि ‘पॉवर मॅनेजर’मध्ये चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, एवढं सांगून ठेवा.

मुलाला घरचे फोटो हवे असतील तर त्याच्या लॅपटॉपवरही सिंकथिंग टाकून फक्त फोटोंचं फोल्डर जोडा. सीजी-नॅटच्या पलीकडे सिंकथिंग स्वतः वाट काढतं, गरज पडली तर मधल्या रिले सर्व्हरमधून जातं. वेग कमी मिळतो, पण मजकूर पूर्ण वाटेत कुलूपबंद असतो आणि एकही पोर्ट उघडावं लागत नाही. गावापासून दूर अमरावतीत एक प्रत आपोआप तयार होते ती वेगळी. ‘बचतगट’ फोल्डर मात्र त्याला जोडू नका. तो तुमचा मुलगा असला तरी त्या बारा जणींनी कागद तुमच्याकडे दिलेत.

तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर. फोटोंसाठी ‘ग्रसिंक’ वापरा. स्रोत आणि ठिकाण निवडलं की पुढच्या वेळी ते फक्त नवीन फाइल नेतं. त्यातली ‘डिलीट’ची खूण बंदच ठेवा. गटाच्या कागदांसाठी ‘देजा डूप’ घ्या, ते पासवर्ड लावून बॅकअप करतं. डिस्क हरवली तरी कागद उघडे पडत नाहीत. मिंटमध्ये आधीपासून असलेल्या ‘टाइमशिफ्ट’वर विसंबू नका. ते मिंटच्या स्वतःच्या फाइलची प्रत ठेवतं, तुमच्या फोटोंची नाही, आणि हे बहुतेकांना डिस्क गेल्यावरच कळतं. प्रत घेतली की डिस्क काढून लॅपटॉपपासून दूर ठेवा, शक्य असेल तर माहेरी किंवा गटातल्या कोणाच्या लोखंडी कपाटात. महिन्यातून एकदा हे केलं तरी पुरे. दर वेळी बॅकअपमधून चार-पाच फाइल परत काढून उघडतात का ते बघा.

गूगलवरचे जुने फोटो ‘टेकआउट’ या गूगलच्याच सोयीतून उतरवता येतात, पण तिथे घाई करू नका. उतरवायची लिंक सुमारे सात दिवसच चालते. १२ जीबीचा गठ्ठा रोजचा दीड जीबी डेटा सगळा त्यालाच दिला तरी उतरायला आठ दिवस लागतात. म्हणून सगळं एकदम न मागता एकेका वर्षाचे अल्बम निवडा आणि फाइलचा आकार २ जीबी ठेवा. फोटोंबरोबर जेसन नावाच्या बारक्या फाइल येतील. काही फोटोंची तारीख आणि ठिकाण फक्त त्यांच्यातच असतं, कचरा समजून पुसू नका. लॅपटॉपवर आणि डिस्कवर दोन्हीकडे प्रत आल्याशिवाय गूगलवरचं काही पुसायचं नाही. पुसताना मोबाइलच्या गूगल फोटोज ॲपमधून तर अजिबात नको, त्यानं मोबाइलमधलाही फोटो जातो. आधी बॅकअप बंद करा, मग लॅपटॉपच्या ब्राउझरमधून पुसा.

विजेचं आणि उन्हाचं. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी हाच तुमचा इन्व्हर्टर, लाइन गेल्यावर ती तासभर तग धरते का ते एकदा चार्जर काढून बघा. बॅटरी मेलेली असेल तर लाइन जाताच लॅपटॉप धाडकन बंद होईल. मिंटची एक्स्ट ४ फाइल व्यवस्था अशा धक्क्यातून बहुधा सावरते, पण त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहू शकते. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे बघा. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतात, पण ९ व्होल्टचे राउटरही आहेत आणि चुकीचा व्होल्टेज दिला की राउटर जळतो.

जागा निवडताना कापसाचा विचार आधी करा. वेचणीनंतर ज्या खोलीत कापूस भरता तिथे लॅपटॉप नको. उडणारा पुंजका पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो आणि आतली हवा बंद होते. शिवाय कापसाजवळ रात्रंदिवस चालणारं चार्जर ठेवणं हे आगीला आमंत्रण. टिनाखाली, गादीवर आणि कूलरच्या तोंडासमोर, या तीनही जागा टाळा. कूलरची ओली हवा मदरबोर्डला गंज चढवते. जाड भिंतीच्या खोलीत लाकडी फळीवर, मागे हातभर मोकळी जागा सोडून ठेवा. मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी तो सरळ बंद केला तरी काही बिघडत नाही, रात्री चालू केल्यावर सिंकथिंग राहिलेलं काम पूर्ण करतं. पंखा साफ करताना पाती बोटानं धरून ठेवा, मग फुंकणी मारा, नाहीतर जोरात फिरून पंख्याचं बेअरिंग जातं. टचपॅड वर आलेलं किंवा झाकण नीट मिटत नसलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी लॅपटॉप बंद करून दुरुस्तीवाल्याकडे बॅटरी काढायला न्या, स्वतः टोकरू नका. मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की लॅपटॉप आणि राउटर दोघांचे प्लग भिंतीतून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

राहिले आधार. सगळ्या जणींचे पूर्ण क्रमांकाचे फोटो जपून ठेवण्यापेक्षा त्यातले बहुतेक पुसूनच टाका. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या. आधार कार्ड देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड करताना तशी खूण असते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. उतरवलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष एवढाच असतो, आणि गावात कोणाचं नाव नि वय कोणाला माहीत नसतं? बायोमेट्रिक लॉकचा, म्हणजे आधारवरची अंगठ्याची ओळख बंद ठेवण्याचा, सल्लाही तुम्हाला कोणी देईल. चांगला आहे, पण लॉक केल्यावर बँक मित्राकडे अंगठ्यानं पैसे निघत नाहीत आणि रेशन दुकानातही अंगठा अडू शकतो. दर वेळी मोबाइलवर ओटीपी घेऊन थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. ज्यांच्या आधारला स्वतःचा चालू नंबर जोडलेला आहे त्यांनीच ते करावं. बँकेनं कर्जप्रकरणाला पूर्ण प्रत मागितली तर झेरॉक्सवर आडवं लिहून द्या, ‘फक्त गटाच्या कर्जप्रकरणासाठी’, खाली तारीख आणि त्या बाईची सही किंवा अंगठा. काम झालं की मोबाइलमधला फोटो, व्हॉट्सॲपमधला फोटो आणि सिंकथिंगच्या त्या लपलेल्या फोल्डरमधला फोटो, तिन्ही ठिकाणचा पुसायचा.